साखरेची परांची

साखर विकून माणसं बंगले बांधतात, साखर खाऊन माणसं डॉक्टरांचे बंगले बांधतात, पण साखरेचंच बांधकाम करून स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ‘झाला’ म्हणतो, कारण आता तो जिल्ह्यात नाही. माणूस ठणठणीत आहे, फक्त फार लांब आहे. मी हे त्याचं कौतुक करायला लिहायला बसलेलो नाही. माझी त्याच्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती कुणीतरी नीट ऐकून घ्यावी एवढीच माझी इच्छा आहे. घरात सांगायची सोय नाही. माझी बायको म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण, आणि या घरात माझ्याविरुद्ध निकाल आधी लागतो, सुनावणी नंतर होते.

माझा धंदा परांच्यांचा. इमारतीला गिलावा करायचा असो, रंग द्यायचा असो, की कारखान्याच्या टाकीची डागडुजी असो, माणसाला उभं राहायला बाहेरून बांबूचा नाहीतर लोखंडी पाइपांचा जो सांगाडा बांधतात, ती परांची. आमचं मूळ घर धरमतरच्या खाडीकाठी. वडील मिठागरात राबले. मी त्या खाऱ्या चिखलातून बाहेर पडलो, पेणला गवंड्यांच्या हाताखाली बांबू उचलले, आणि आज रोह्याला लागून असलेल्या वरसेत जी नवी इमारत उभी राहते तिच्या अंगाला माझेच पाइप लागलेले असतात. हे मी कुणाच्या मेहरबानीवर केलेलं नाही, भाव करून केलंय. समोरच्याने आकडा सांगितला की माझी कपाळाची शीर उडते, आवाज चढतो, आणि माझा आवाज उतरेपर्यंत त्याचा आकडाही उतरलेला असतो. अशा माणसाच्या कानावर एक दिवस सासूबाईंनी बातमी घातली की धाकटीला पेणचं स्थळ आलंय, मुलगा खूप शिकलेला आहे, आणि रोह्यात परांच्या बांधतो.

सासूबाईंचं गाव रोह्याच्या आतल्या बाजूला, भात आणि भातामागून वाल पिकवणाऱ्या माणसांचं. पाहण्याच्या दिवशी ओटीवर पाहुणे बसले. मी थोरला जावई, म्हणजे चौकशीचा मान माझा. मनात सारखं येत होतं की रोह्यात परांची बांधणारा आणि मला माहीत नसलेला हा कोण उपटला? समोर एक किडकिडीत, जाड भिंगांचा तरुण बसला होता आणि बशीतल्या पोह्यांकडे असा बघत होता की जणू उद्या त्यांच्यावर परीक्षा आहे.

“परांच्या कुठं बांधता?” मी विचारलं.

“सध्या रोह्यातच.”

“माझ्या नजरेस कशा नाय पडल्या?”

“नजरेस पडणार नाहीत. फार लहान असतात.”

“लहान म्हणजे? एक मजली?”

“त्याहून बऱ्याच लहान.”

“बांबू की लोखंड?”

“साखर,” तो म्हणाला.

मला वाटलं, कुठल्यातरी साखर कारखान्याचं काम धरलं असेल. मी पुढे सरकलो. “भाडं कसं लावता?”

“भाडं नाही हो घेत.”

माझ्याच बाजारपेठेत फुकट परांची देणारा माणूस! तरी मी चेहरा सरळ ठेवला आणि कामाचं विचारलं. तो एकदम खुलला. म्हणाला, “मधल्या भागाला पाच हात असतात. त्यातले काही झाकून ठेवायचे, आणि उरलेल्यांना लांबी मोजून जोड द्यायचे.”

“झाकायचे कशाला? गंजतात?”

“नाही. मोकळे ठेवले तर नको तिथे जोडलं जातं.”

हे मात्र मला पटलं. माझी माणसंसुद्धा लक्ष नसलं की क्लॅम्प नको तिथे आवळून ठेवतात. बोलणी संपल्यावर मी सासूबाईंना माजघरात गाठलं आणि सांगितलं, “पोरगा धंद्यात कच्चा हाय, पण बांधकामात पक्का हाय. देऊन टाका.” फुकट परांची देणारा माणूस बाहेर मोकळा सोडण्यापेक्षा घरात घेतलेला बरा, असाही एक हिशेब त्यात होता.

खरा प्रकार कळला तो साखरपुड्याला. साडूने मला बाजूला घेतलं, पुड्यातली चिमूटभर साखर तळहातावर ठेवली, आणि माझ्या आयुष्यातलं रसायनशास्त्र तिथे सुरू झालं. तो म्हणाला, आपल्या शरीरातल्या पेशींच्या अंगावर साखरेची झालर असते. जंतू आला की आधी ती झालर पकडतो आणि मग आत शिरतो. पकडण्यासाठी त्याच्याजवळ प्रथिनं असतात, त्या प्रथिनांना खोबणी असतात, खोबणीत साखर बसते. एकच साखर बसली तर लगेच सुटते. दोन खोबणींत एकदम दोन बसल्या तर एक सुटली तरी दुसरी धरून ठेवते, तोवर पहिली परत येते. ही पकड नेमकी कशी बसते, किती अंतरावर बसते, हे कळावं म्हणून तो साखरेच्याच एका रेणूला मधोमध धरून त्याला हात जोडायचा आणि प्रत्येक हाताच्या टोकाला पुन्हा एकेक साखर टांगायचा. इंग्रजीत त्या सांगाड्याला ‘स्कॅफोल्ड’ हा जो शब्द आहे तोच आमच्या धंद्याला आहे, आणि मराठीत तो प्रामाणिकपणे ‘परांची’ म्हणायचा. “तुमच्या परांचीवर गवंडी चढतो, माझ्या परांचीवर प्रथिन चढतं,” तो म्हणाला. मी विचारलं, “आणि चढून करतं काय?” तो म्हणाला, “तेच तर बघायचंय.” एवढ्या उत्तरावर माणूस जन्म काढू शकतो यावर माझा त्या दिवशी विश्वास बसला नव्हता.

नोकरी त्याची रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत. तिथे औषधांसाठी लागणारा कच्चा माल बनायचा. दिवसभर तो कंपनीचं काम करायचा, आणि शिफ्ट संपली की मालकाने दिलेल्या मागच्या एका खोलीत आपल्या परांच्या बांधायचा. त्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक पंप घशात काटा अडकल्यासारखा रडत होता, माणसाएवढ्या उंच काचेच्या नळीत पांढरी पूड भरलेली होती, तिच्यातून काहीतरी थेंब थेंब ठिबकत होतं, आणि माझा साडू खाली स्टुलावर बसून त्या थेंबांकडे बघत होता. गाय व्यायला झाली की गोठ्यात माणूस बसतो तसा. साखरेचा स्वभाव असा की तिला जोड द्यावा तर तिचा पाक होतो. दाणा म्हणून धरत नाही. त्यात आपली कोकणची हवा. महिनोन् महिने खपून केलेली वस्तू शेवटी बाटलीच्या तळाला काकवीसारखी बसून राहायची, आणि हा गृहस्थ काचेच्या दांडीने बाटलीची आतली बाजू खरवडत तिला दाणा धरायची विनवणी करायचा. एकदा खरंच दाणा धरला. त्या दिवशी त्याने कंपनीच्या गेटवरच्या माणसापासून आमच्या घरापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही. गोड तो खातच नसे. चहासुद्धा बिनसाखरेचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, “दिवसभर तिच्याशीच बोलत असतो. घरी आल्यावर जरा अंतर असलेलं बरं.”

वस्तू झाली की नाही हे बघायची त्याची एक रीत होती. पांढरी पूड फासलेल्या छोट्या पट्टीवर थेंब द्यायचा, आम्ल लावायचं, आणि पट्टी तापवायची. साखर असेल तिथे ती जळते आणि काळा डाग उमटतो. अशा डागाळलेल्या पट्ट्या लोक देवाचा अंगारा ठेवतात तशा तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. मेहुणी कपडे धुवायला काढताना खिसे तपासायची आणि मला फोन करून सांगायची, “भावजी, लोकांच्या नवऱ्यांच्या खिशात काय काय सापडतं. माझ्या नवऱ्याच्या खिशात जळकी साखर सापडते. भांडायलासुद्धा काय आधार नाय हो!”

आता भावाचं. माझा साडू भाव करत नसे एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्याच्या शेजारी उभं राहून मलाही भाव करता येईना, हे कसं सोडू? एकदा वडखळच्या नाक्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बाया बसल्या होत्या. मी गाडी थांबवली, एका बाईसमोर बसकण मारली, आणि कामाला लागलो. कांदा ओला आहे म्हटलं, बारीक आहे म्हटलं, उठून दोन पावलं गेलो, परत आलो. बाई जवळजवळ तुटत आली होती. तेवढ्यात मागून साडूचा आवाज आला, “मावशी, एवढं विणायला किती वेळ लागतो हो? एका कांद्याला दुसरा कांदा खेटत नाही, आणि माळ सुटतही नाही. मधे हे अंतर कसं राखता?” बाई माझ्याकडे बघायचं विसरली. तिने पात कशी वळवायची ते हातात घेऊन दाखवलं, याने डोळे विस्फारून बघितलं, आणि ती सांगेल तो भाव देऊन दोन माळा उचलल्या. बाई मला म्हणाली, “तुमच्यापरीस तुमचा साडू बरा हाय. तुम्ही कांदा बघता, तो काम बघतो.” शेजारच्या बायका खळखळून हसल्या. एक म्हणाली, “गो, ह्या शेटला तू फुकट दिलंस तरी वर पिशवी मागंल!” पेण येईपर्यंत मी पुढच्या प्रत्येक गाडीवर हॉर्न वाजवत राहिलो. हा मागच्या सीटवर बसून माळेतले कांदे एकेक सरकवून बघत होता.

दुसरं वेड वालाचं. साखर पकडणारं एक प्रथिन कडव्या वालात असतं, हे त्याला कुठल्याशा कागदात सापडलं, आणि तेव्हापासून सासुरवाडीच्या शेताकडे तो औषधाच्या दुकानासारखा बघायला लागला. थंडीत आमच्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. सगळी मंडळी शेकत बसलेली असायची आणि हा टोपलीतल्या शेंगा पिशवीत भरत असायचा.

“आई, थोड्या कच्च्या राहू द्या. शिजवल्या की त्यातलं प्रथिन मरतं.”

सासूबाई म्हणायच्या, “जावईबापू, मरायलाच पायजे ना ते! कच्चा वाल खाल्ला तर पोट दुखतं, ते काय उगाच?”

“तेच प्रथिन, आई! तेच! ते साखरेला धरून बसतं.”

“मंग तुम्ही पण आमच्या पोरीला तसंच धरून बसा. म्हयन्यातनं येकदा वेळेवर जेवता घरी.”

हा जाळाच्या उजेडात लाजायचा आणि पिशवी तशीच घट्ट धरून ठेवायचा.

वाल भिजवून, वाटून, गाळून प्रथिन निघालं की पुढचा टप्पा रक्ताचा. घरातल्या एकाही माणसाचं बोट त्याच्या सुईतून सुटलेलं नाही. माझ्यापर्यंत पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “माझं रक्त तापट आहे, तुझ्या बाटल्या फुटतील.” तो म्हणाला, “तेवढ्यासाठीच हवंय, साडूभाऊ.” एका प्लास्टिकच्या ताटलीला ओळीने चिमुकल्या वाट्या होत्या. नुसतं प्रथिन आणि रक्त घातलं की प्रथिन रक्ताच्या पेशींना साखरेनिशी धरतं, एकीला दुसरीशी बांधतं, आणि वाटीभर लाल जाळं पसरतं. पण त्यात त्याची परांची टाकली आणि प्रथिन तिच्याच टोकांच्या साखरेत गुंतून पडलं, तर रक्त मोकळं राहतं आणि तळाला कुंकवाच्या टिकलीसारखं गोल बसतं. टिकली दिसली की जिंकलो. अडचण एवढीच होती की सुटी साखर घातली तरी टिकली बसायची, फक्त ती मूठभर लागायची. याचं म्हणणं, अंतर बरोबर जमलं तर चिमूटभर पुरली पाहिजे. आणि याची परांचीही मूठभरच लागायची, तिची काही चिमूट होईना.

मी त्याला माझ्या अनुभवातला सल्ला दिला. म्हटलं, हात आखूड पडतात ना? लांब पाइप लाव. त्याने लावले. ते लोंबकळायला लागले. मी म्हटलं, मग मधे आडवा दांडा टाक, आम्ही तेच करतो. त्याने माझ्या शब्दावर कित्येक महिने घातले, आणि मग एका रविवारी वरसेला येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, “साडूभाऊ, तुमचा आडवा दांडा बसला. पण परांची आता पाण्यात विरघळतच नाही.” मी म्हटलं, “माझी कुठली परांची पाण्यात विरघळते?” आम्ही दोघं इतके हसलो की बायको बाहेर आली. असे पुष्कळ रविवार होते. माझ्या आवारात पाइपांच्या थप्पीवर तो बसायचा, मी खुर्चीत. मी गिऱ्हाइकांवर ओरडून दमलेला असायचो, तो पाकाला विनवून दमलेला असायचा. माझ्या धंद्यात मला कुणी ‘शेट’ म्हणतं, कुणी मागे शिव्या देतं. बांधकाम म्हणजे काय यावर माझ्याशी बरोबरीने बोलणारा माणूस मला तोच एक मिळाला, आणि त्याचं बांधकाम कुणाला दिसत नव्हतं.

आता तक्रार. कंपनीच्या मालकाला, आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो, पिंपं ठेवायला जागा कमी पडू लागली आणि त्यांची नजर त्या मागच्या खोलीवर गेली. माणूस वाईट नव्हता. एवढी वर्षं त्याने खोली दिली, वीज दिली, कधी विचारलं नाही. पण खोली गेली की साडूचं काम गेलं, हे उघड होतं. तो पंप आणि ती नळी पेणच्या दोन खोल्यांत मांडली असती तर मेहुणीला अंगणात झोपावं लागलं असतं. मला कळलं ते मेहुणीकडून. फोनवर ती नेहमीसारखी हसत नव्हती. “भावजी, हे जेवत नायत. नुसते बसून असतात. काय तरी करा.”

मी केलं. शेठच्या कंपनीला माझ्या परांच्या वर्षानुवर्षं लागलेल्या, मी त्यांना आतून बाहेरून ओळखून होतो. तीन वेळा गेलो, दोनदा रागावून उठलो, एकदा दारापर्यंत जाऊन परत आलो. कंपनीच्या रंगकामाची सगळी परांची मी पडत्या भावात देणार, पिंपांसाठी मागे पत्र्याची शेड माझी माणसं उभी करून देणार, आणि त्याबदल्यात साडूची खोली आणखी एक वर्ष जशीच्या तशी. शेठ हसले आणि म्हणाले, “तुमच्यापुढे कोण बोलणार? कबूल. फक्त त्यांना एकदा घेऊन या. त्यांच्या तोंडून ‘होईल’ एवढं ऐकू द्या.”

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा सौदा. मी साडूला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून नेलं. गाडीत बजावलं, फक्त हो म्हणायचं, बाकी मी बघतो. शेठनी चहा मागवला आणि विचारलं, “काय, वर्षभरात होईल ना तुमचं?”

साडूने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाला, “शेठ, आता जी परांची आहे ती चुकली आहे. हात आखूड पडतात, लांब केले तर लोंबतात. मधलं काय ते मला अजून माहीत नाही. वर्षभरात कळेल असं सांगता येत नाही. कदाचित कळणारही नाही.”

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघायला लागलो. शेठ चांगल्या शब्दांत म्हणाले की मग पिंपांचं बघावं लागेल. महिनाअखेर खोली रिकामी झाली. काचसामान आणि पंप माझ्या वरसेच्या ऑफिसात आला.

परतताना गाडीत मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी विचारलं, “हो म्हणायला तुझं काय जात होतं रे?”

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “हो म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी वाटीत बघताना जाळं असलं तरी मला टिकली दिसायला लागली असती. मग मी काय बघितलं असतं?”

याला मी काय उत्तर देणार? अजून सुचलेलं नाही. म्हणूनच तर राग आहे.

मग त्याने एक उद्योग केला. आपली परांची कुठे कुठे चुकली, कुठला हात किती आखूड, कुठला किती लांब, माझा आडवा दांडा का बुडाला, हे सगळं सविस्तर लिहून याच विषयातल्या लोकांकडे पाठवून दिलं. स्वतःचं नुकसान गावभर दाखवून गिऱ्हाईक मिळवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कारण खरंच, देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका विद्यापीठातून त्याला बोलावणं आलं. आमच्याकडे तसलीच चूक होतेय, या, मिळून बघू. मी म्हटलं, “थांब. पगार, घर, जायचा यायचा खर्च, मला बोलू दे.” तो म्हणाला, “मी हो म्हणून टाकलं, साडूभाऊ.” मी विचारलं, “किती देणार आहेत?” तो म्हणाला, “ते विचारायचं राहिलं.” शेठसमोर तोंडातून न निघालेला ‘हो’ त्याने तिथे असा फुकट देऊन टाकला. मेहुणी जाताना रडली, सासूबाईंनी वालाची गोणी बांधून दिली, आणि मी स्टेशनवर हमालाशी भांडत राहिलो.

मागच्या महिन्यात शेठनी मला बोलावून घेतलं. कंपनी आता मोठी झालीय, मुलगा हाताशी आलाय, आणि बाहेरची गिऱ्हाइकं पहिल्या भेटीत विचारतात, तुमची संशोधनाची माणसं कोण? शेठ म्हणाले, “तुमच्या साडूंना परत आणा. खोली नाही, अख्खा मजला देतो. यंत्रं सांगतील ती. मुदत नको, ‘होईल’ नको, काही नको. मला उशिरा कळलं हो, जो माणूस तोंडावर ‘माहीत नाही’ म्हणतो त्याच्या ‘माहीत आहे’ला किंमत असते.” मी तरी त्यांना सोडलं नाही. राहायला जागा, मदतीला माणसं, थंडीत सासुरवाडीला जायची रजा, सगळं मान्य करून घेतलं. शेठ प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. घरी पोचताच मी पाइपांच्या थप्पीसमोर गाडी थांबवली आणि बाहेर आलेल्या बायकोला सांगितलं, “तुझी बहीण येतेय परत. कामाला लाग.”

संध्याकाळी फोन लावला. सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “तुम्ही सांगा, साडूभाऊ. येऊ का?”

एवढ्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा भाव विचारला होता. आणि तो मनापासून विचारत होता, मी ये म्हटलं असतं तर आला असता. मी म्हणणारच होतो. पण तोंडातून निघून गेलं, “तिथलं कसं चाललंय?”

“दोन हात पोचले!” तो म्हणाला. आवाज असा की पलीकडे माणूस उभा राहिलाय हे इथे ऐकू यावं. “दोन्ही खोबणींत बरोबर बसतायत. तिसरा अजून हवेत आहे, पण का हवेत आहे ते कळलंय. इथे एक बाई आहेत, त्यांना प्रथिनाचं सगळं कळतं, मला साखरेचं. आम्ही दिवसभर भांडतो. साडूभाऊ, चिमूट झाली हो! मुठीची चिमूट झाली!” तो बोलत सुटला. जोड कसा वळवला, पाण्यात कसा राहिला, कुणी काय सुचवलं. मी खुर्चीत होतो. बायको दारात हात पुसत उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तो भानावर आला. “हं, तर तुम्ही काय म्हणत होतात? येऊ?”

“दोन हात बांधून तिसरा हवेत सोडून येणार?” मी ओरडलो. “अर्धी परांची टाकून पळणाऱ्या माणसाला मी माझ्या आवारात पाय ठेवू देत नाही. गुपचूप तिथं राहा.”

त्याने विचारलं, “रागावलात?”

“हो,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेठकडे गेलो. सांगितलं, जमणार नाही, साडू तुम्हाला परवडणार नाही. शेठ खुर्चीतून अर्धे उठले. “अहो, असं कसं? तुम्ही आकडा तरी सांगा!”

बोलायला म्हणून मी तोंड उघडलं. जन्मभर लोकांचे आकडे खाली उतरवत आलो, आणि समोरचा माणूस हात जोडून आकडा मागत होता तेव्हा माझ्याकडे सांगायला एकही नव्हता.